कानवाल्यांचा भोंगा

“गप्प! सगळे गप्प! भोंग्या, तू पण!”

कानवाल्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. हे एकदा सुरू झालं की गॅरेजमध्ये कुणी शिंकायचंसुद्धा नाही. चहा घेऊन आलेला चहावाला दारातच थिजला. आणि कोपऱ्यातल्या बाकाखालून मात्र आवाज चालूच. घर्र... खुर्र. घर्र... खुर्र.

तो भोंगा. कानवाल्यांचा पग जातीचा कुत्रा. काळं थोबाड, बटबटीत डोळे, शेपटीचं घट्ट वेटोळं. आणि नाक म्हणाल तर असं, की पळत पळत येऊन बंद दारावर आपटलाय आणि तसाच राहिलाय!

“कानवाले, बाकाखाली कुठली गाडी चालू ठेवलीत?” चहावाल्याने हळूच विचारलं.

“डिझेल आहे. बंद व्हायला वेळ लागतो.”

हा विनोद रोज व्हायचा बरं का, आणि रोज सगळे हसायचे.

कानवाले का म्हणायचे? तर हा माणूस गाडी उघडायच्या आधी ऐकायचा. गाडी कोपऱ्यावर वळायचा अवकाश, हा आतूनच ओरडणार, “बेल्ट गेला!” आणि उघडून बघावं तर बेल्टच गेलेला. बाकीचे मेकॅनिक अर्धी गाडी सुटी करून जे शोधायचे, ते ह्यांना चहा पिता पिता कळायचं. त्यांना स्वतःच्या कानाचा गर्व होता, आणि का नसावा?

त्या दिवशीची गाडी होती एका तरुण डॉक्टरची. जनावरांची डॉक्टर, दोन गल्ल्या सोडून नुकताच दवाखाना टाकलेली. कानवाल्यांनी डोळे उघडले आणि निकाल दिला. “पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. उद्या संध्याकाळी घेऊन जा.”

पण डॉक्टरचं लक्ष कुठंय? ती बाकासमोर उकिडवी बसून खाली बघत होती.

“काका, हा किती वर्षांचा?”

“सहाचा. घोरतोय हो, घाबरू नका.”

“पण हा जागा आहे.”

“मग?”

“काका, जागेपणी कोण घोरतं?”

“आमची ही! वर म्हणते, मी जागीच होते.”

चहावाला फिदीफिदी हसला. डॉक्टर नाही हसली. तिने भोंग्याला उचलून मांडीवर घेतलं, त्याचं थोबाड उजेडाकडे वळवलं. “नाकपुड्या बघा. भोकं नाहीतच, नुसती फट आहे. झोपतो कसा? बसून?”

“राखण करतो ना!” कानवाले खुलले. “माझ्या बुटावर हनुवटी टेकवून बसल्या बसल्या झोपतो. फोटो दाखवू? आमच्या लेकीने शंभरेक काढलेत.”

“राखण नाही करत, काका. आडवा झाला की त्याचा घसा बंद होतो. म्हणून बसतो. हनुवटी टेकवली की तोंड जरा उघडं राहतं, तेवढीच हवा.”

आता चहावालाही हसायचा थांबला.

“जातच तशी आहे ती,” कानवाले म्हणाले, पण आवाज चढलेला. “अस्सल आहे. पणजोबापर्यंतचे कागद आहेत त्याचे.”

“तेच तर. पणजोबाचं नाक ह्याच्यापेक्षा मोठं असणार बघा. माणसांना चपटं तोंड गोड वाटतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपट्याशी चपटं जुळवत आणलं. हाडं आखडली, पण आतलं मांस? ते तेवढंच. लहान डिकीत मोठी गादी कोंबावी तसं. टाळूचा पडदा घशात लोंबतोय त्याच्या.”

“उपाय?”

“ऑपरेशन. नाकपुड्या मोठ्या करायच्या, पडदा कापून लहान करायचा. भूल द्यायला ही जात अवघड, खोटं नाही सांगत. पण असंच राहू दिलं तर हृदय थकत जाणार. ह्या जातीचे बारा-तेरा वर्षं जगतात, जगवले तर. ह्याला मात्र एखादा कडक उन्हाळा...” तिने पुढचं गिळलं.

“गाडी उद्या मिळेल,” कानवाले म्हणाले, आणि पाठ फिरवून पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

घरी सांगितलं तर बायको उसळलीच. “काही नको! चांगला खातोय, पितोय. अहो, एवढासा जीव, टेबलावर गेला म्हणजे? ती पोरगी कालची डॉक्टर, तिला काय कळतंय?”

“आई, मागे जिन्यात मध्येच बसला होता ना तो?” लेक म्हणाली. “आणि आपण म्हणालो, बघा, साहेब दमले, लिफ्ट मागतायत. त्याची जीभ निळी होती, आई. मी फोटो मोठा करून बघितला आत्ता.”

“तू आणि तुझे फोटो!”

“बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी.”

बाबा काय बोलणार? त्यांना राग आला होता. डॉक्टरचा नाही आणि लेकीचाही नाही. नक्की कुणाचा, ते त्यांना कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट घेऊन बसायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं झाली. भोंगा दाराशी जाऊन बुटावर हनुवटी टेकवून बसला. आणि कानवाल्यांनी काय करावं? बनियनवर सरळ फरशीवर आडवे झाले, त्याच्या बरगड्यांना कान लावला आणि डोळे मिटले.

“अहो, काय हे? शेजारचे बघतील!”

“गप्प!”

घरात हा गॅरेजमधला ‘गप्प’ कधी यायचा नाही. मायलेकी जागच्या जागी थांबल्या.

घर्र... खुर्र. घर्र... खुर्र. सहा वर्षं हा आवाज त्यांच्या कानात होता, पण ऐकला असा आज पहिल्यांदाच. घर्र... खुर्र. भोंग्याचे डोळे मिटले, अंग सैल पडलं. घर्र...

आणि पुढे काहीच नाही.

बरगडी वर येईना, खाली जाईना. आतून काळीज तेवढं धडधडतंय, धडधडतंय. कानवाल्यांनी डोळे उघडले. तेवढ्यात भोंगा सगळ्या अंगाने दचकला, टक्क जागा झाला, मोठा घुर्रकन श्वास ओढला, आणि पुन्हा बिचारा हनुवटी सरळ करून बसला. पुन्हा घर्र... खुर्र. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच.

किती वेळ ते तसे पडून होते कोण जाणे. लेकीने शेवटी खांद्याला हात लावला. “बाबा?”

“बंद पडते.”

“काय?”

“गाडी. झोप लागली की बंद पडते. मग हा स्वतःच उठून धक्का मारतो.” ते उठून बसले. गालावर भोंग्याचे केस चिकटले होते. “दुसऱ्या कुणाची असती ना, तर कोपऱ्यावरूनच सांगितलं असतं मी. आपल्या घरची म्हणून... गंमत वाटायची गं मला ह्या आवाजाची. नावसुद्धा त्याचंच ठेवलं.”

बायकोने पदराने त्यांच्या गालावरचे केस पुसले. मग म्हणाली, “कधी न्यायचं?”

ऑपरेशनच्या दिवशी तिघंही गेली, गॅरेज बंद ठेवून. भोंग्याला आत नेलं, आणि दार लागलं. कानवाले थोडा वेळ बसले, मग उठले, मग सहज चालत चालत दारापाशी गेले आणि कान लावला.

“काका,” आतून नर्स बाहेर आली, “दाराला कान लावू नका, ते बाहेर उघडतं. आता लागलं असतं.”

बाकावर एक आजोबा बसलेले. पायाशी तपकिरी रंगाचं एक हडकुळं कुत्रं, एक कान उभा, एक पडलेला.

“कुठल्या जातीचं?” कानवाल्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“जात? पुलाखालची.”

“वय?”

“सोळाच्या पुढे असेल. दात गेलेत, दिसत नाही. पण माझ्या आधी जेवायला हजर! आज नखं कापायला आणलंय. तुमचं?”

“सहा.” कानवाले थांबले. एरवी कागदांचं आपोआप तोंडात यायचं. आज ते म्हणाले, “श्वासाचा त्रास आहे त्याला.” आणि त्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे बघत बसले. काय त्याचं ते लांबलचक, ओलं, मळकं नाक! आत हवा सुळकन जाते आणि सुळकन येते, आणि त्याला त्याचं काहीच कौतुक नाही.

बायकोने भोंग्याचा पट्टा बोटांना गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. लेक मोबाइल हातात घेऊन बसलेली, पण त्यातलं काही बघत नव्हती.

दार उघडलं. डॉक्टर तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आली. “झालं.”

“झालं म्हणजे?” बायको ओरडलीच. “नीट बोल गं बाई!”

“चांगलं झालं, काकू, चांगलं! या, बघायला या. हळू मात्र.”

भोंगा टेबलावर पोटावर पडला होता, अंगावर टॉवेल. तोंडातून एक नळी बाहेर आलेली. पण डोळे उघडे होते त्याचे. चक्क उघडे. त्याने ह्यांना बघितलं, टॉवेलखाली शेपटीचं वेटोळं जरासं हललं.

“शुद्धीवर आलाय?” लेकीने विचारलं. “मग नळी टोचत नाही त्याला?”

“टोचायला हवी,” डॉक्टर म्हणाली. “इतर कुत्री जरा जाग आली की खोकतात, ओकतात, नळी बाहेर काढायला बघतात. हे चपट्या नाकाचे मात्र नळी धरून पडून राहतात. कारण घशातली अडचण टाळून हवा नळीतून सरळ आत जातेय ना. एवढी हवा त्यांना जन्मात कधी मिळालेली नसते.”

कानवाले खाली वाकले. सवयीने कान पुढे केला. आवाज नव्हता. नुसती पाठ वर येत होती आणि खाली जात होती, सावकाश, घाई नसल्यासारखी.

“आता किती जगेल?”

“ते नाही सांगता येणार, काका. आठवडाभर सूज राहील, तेवढं जपायचं. पण जेवढं जगेल ते धापा टाकत नाही.” डॉक्टरने हातमोजा सारखा केला आणि नळीकडे हात नेला. “चला, काढते आता.”

“डॉक्टर,” कानवाले म्हणाले, “लगेच काढायलाच हवी?”

“तसं नाही. थोडा वेळ चालेल. का?”

“मग राहू द्या जरा,” ते म्हणाले. “घेऊ दे त्याला.”

डॉक्टरने हात मागे घेतला. चौघंही टेबलाभोवती तशीच उभी राहिली, आणि भोंगा त्या सगळ्यांकडे बघत श्वास घेत राहिला.