आधी दिसू द्या, मग नाव ठेवते

"अहो, तो राखाडी चौकोन अजून तसाच आहे!"

मी तिसऱ्यांदा ओरडली. आमचे हे, म्हणजे चारुदत्त, कॉम्प्युटरसमोर वाकून बसले होते अन् मी मागे खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून. स्क्रीनवर जिथं माझ्या भावाच्या पोरीचा पाळणा दिसायले पाहिजे होता, तिथं एक राखाडी चौकोन अन् त्यात लिहिलेलं, की व्हिडिओ दाखवायचं प्लगइन नाही. नाही तर नाही, मी काय करू?

गोष्ट दोन हजार अकराची आहे. मोबाईलवर तेव्हा बोलणं व्हायचं, पाहणं नाही. माझा एकुलता एक भाऊ स्वानंद हॉलंडात नोकरीले. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. त्याच्या डब्यापासून ते आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांशी त्याच्या भांडणापर्यंत सगळं मीच निस्तरलं. मले स्वतःले लेकरू नाही. त्याले लग्नानंतर फार उशिरा पोरगी झाली अन् आज तिचं बारसं. बारशाले नाव ठेवते आत्या. बाळाच्या कानात कुर्रर्र करायचा हक्क आत्याचा, तिथं मावशीबिवशीचं काही चालत नाही. माझं तिकीट निघालं होतं, व्हिसा आला होता, अन् जायच्या आधीच्या रविवारी मी तेलीबांध्याच्या तलावाकाठी पाय घसरून पडली. घोटा मोडला. दैव देतं अन् कर्म नेतं, दुसरं काय!

मग स्वानंदनं तोड काढली. त्याचा मित्र तिथून सगळं इंटरनेटवर थेट दाखवणार. वेळ आली की स्वानंद मले फोन लावणार, बाळाच्या कानाशी धरणार अन् मी इथून नाव घेणार. मी त्याले तेव्हाच बजावलं होतं, "पोरीचं तोंड पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही. तोंड न पाहता नाव घ्यायले मी काय रेडिओ आहे?"

आता आमचा कॉम्प्युटर. साऱ्या जगाच्या घरी विंडोज, आमच्या घरी लिनक्स. काहून? तर इथलं मंत्रालय शहराबाहेरच्या नव्या राजधानीत हलवायचं म्हणून ह्यांच्या ऑफिसात ट्रेनिंगचा सुळसुळाट सुरू होता, अन् तिथं कोणी तरी सांगितलं, की हे फुकट आहे अन् ह्याले व्हायरस लागत नाही. खरं आहे, व्हायरस लागत नाही. व्हिडिओही लागत नाही.

"विमला दीदीकडे विंडोज आहे," मी म्हटलं.

"त्या तळमजल्यावर, आपण तिसऱ्या. लिफ्ट बंद आहे. तुले उचलून नेऊ?"

"न्या ना! लग्नात काय वचन दिलं होतं?"

"तेव्हा तू पंचेचाळीस किलोची होती."

वेळ असता तर मी ह्याचं उत्तर दिलं असतं. ह्यांनी तोवर एक काळी खिडकी उघडली अन् त्यात काहीतरी इंग्रजी लिहिलं. तिनं पासवर्ड मागितला. हे बोटं चालवून राहिले अन् स्क्रीनवर एक अक्षर उमटेना.

"अहो, लिहा ना!"

"लिहूनच राहिलो आहे. पासवर्ड ह्यात दिसत नाही."

"दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर ठिपके तरी दिसतात."

"ह्यात ठिपकेही नसतात."

"मग आहे तरी काय ह्यात?"

पासवर्ड चुकला. परत टाकला. आता ते म्हणे, दुसरं एक अपडेट चालू आहे, ते होईपर्यंत थांबा. हे खरंच हात बांधून थांबले! माझ्या प्लास्टरच्या आत अशी खाज सुटली, की विणायची सुई आत घालून मी खाजवत सुटली. घड्याळ पाहावं तर ते पळून राहिलं, स्क्रीन पाहावी तर ती ढिम्म. इतक्यात फोन वाजला.

"ताई, दिसून राहिलं का?" स्वानंदनं विचारलं.

"हव, येऊनच राहिलं. पाच मिनिटं."

मागे बायकांचा कलकलाट अन् पोरीचं रडणं. त्यात माझी भावजय अनुश्री, तिच्या आईचा आवाज मले स्पष्ट ऐकू आला. "इथं मावशी आहे ना. ती घेईल नाव. ताई मग फोनवरून आशीर्वाद देतील." अनुश्रीची धाकटी बहीण तिथंच राहते. नटूनथटून पाळण्याशी उभी असणार! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आत्या अजून मेली नाही, सांग त्यायले!"

"ताई, कोणी काही म्हणून नाही राहिलं. पण मुहूर्त सरून राहिला अन् पोरगी भुकेली आहे. किती रडवू तिले?"

त्याचंही खरं होतं, अन् त्याचाच जास्त राग आला. फोन तसाच कानाशी धरून मी ह्यांच्या पाठीवर नजर रोखून बसली. अपडेट संपलं. प्लगइन उतरायले लागलं, गोगलगाईसारखं. मग ब्राउझर बंद करून परत उघडा म्हणे. उघडला. राखाडी चौकोन गेला अन् काळा आला, त्यात एक चाक गरगर फिरून राहिलं.

"झालं!" हे म्हणाले.

"काय झालं? राखाडीचं काळं झालं!"

"ताई, आता बोल," तिकडून स्वानंद म्हणाला. "नाहीतर…"

नाहीतर मावशी. हे मले सांगायची गरज नव्हती. फोटो मी रोज पाहायची, पण फोटोतलं लेकरू आपल्याकडे पाहत नाही. मी हाक मारीन तेव्हा ती काय करते, मले तेवढंच पाहायचं होतं. एवढंसं मागणं, अन् तेही त्या चाकात गरगरून राहिलं.

"धर कानाशी," मी म्हटलं.

"धरला."

काळ्या स्क्रीनकडे पाहत मी "कुर्रर्र…" केलं अन् नाव घेतलं, "गंधाली." आवाज मधेच फाटला माझा. तिकडे एकच कल्ला झाला, कोणीतरी हसलं अन् फोन कटला.

मी परत लावला, तर लागेना. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. फोन तिच्या कानाशी होता का पाळण्याच्या दांडीशी, तेही मले ठाऊक नाही. मी चक्क रडली. "भंगारवाल्याले द्या हे डबडं," मी म्हटलं, "अन् सोबत मलेही द्या." हे नुसते माऊस धरून बसले. ह्यांच्याही कपाळावरून घाम निघून राहिला होता.

अन् पोरीच्या रडण्याचा आवाज आला. मी फोनकडे पाहिलं, तो बंद. मग स्क्रीनवर रंग हलले. झेंडूच्या माळा, साड्या, पाळणा, अन् पाळण्याशी कानाले फोन लावून उभा असलेला स्वानंद.

"ताई, आता बोल," तो म्हणून राहिला होता. "नाहीतर…"

मी झटकन फोन उचलला. "हॅलो! अरे बोलते, थांब, मले दिसून राहिलं आता!"

ह्यांनी माझा हात धरला. "क्षमा, हे मागचं आहे. तिकडचं इथं दिसायले मिनिटभर उशीर लागतो. तू आत्ता नाव घेतलं ना, ते तिथं अजून व्हायचं आहे."

मले आधी कळलंच नाही. मग कळलं अन् मी फोन खाली ठेवला. स्वानंद पाळण्यात वाकला, फोन पोरीच्या कानाशी धरला. ती लालबुंद, मुठी आवळून रडून राहिलेली. अन् त्या गर्दीतून माझा आवाज आला. "कुर्रर्र…" फाटका होता, पण माझा होता.

पोरगी गप्प झाली. एकदम गप्प. तिची मान फोनकडे कलली, तोंड तसंच उघडं, डोळे मोठे, की हे कोण बोलून राहिलं? "गंधाली," मी तिले सांगितलं. ती ऐकून राहिली होती. बाई गं, ती खरंच माझं ऐकून राहिली होती!

आमच्यात आत्यानं नाव घेतलं, की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तिथं आत्याची पाठच नव्हती. अनुश्रीच्या आईनं इकडेतिकडे पाहिलं अन् दिले ठेवून स्वानंदच्या पाठीत. "हे तुमच्या ताईचे!" मग मावशीनं घातले, मग आणखी कोणी. तो हसत हसत वाकला अन् फोन त्याच्या हातून खाली पडला.

"अहो, बघत काय बसले?" मी डोळे पुसले अन् खुर्चीत पुढे वाकली. "मारा."

"काय?"

"पाठीत मारा. माझे आहेत ते."

ह्यांनी भीत भीत दोन चापट्या मारल्या.

"जोरात," मी म्हटलं. "आत्या झाली आहे मी."