रात्रीची गोळी

मी हौसाबाईंची गोळ्यांची डबी बोलतेय. झाकण जरा चिरलंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. तो कुणाला ऐकू जात नाही, एवढीच काय ती पंचाईत.

कुठल्याशा प्लॅस्टिकच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात लाल खडे भरून मला हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यांच्या गावी धाडलं. गणपतीच्या मुकुटाला खडे चिकटवायचं काम हौसाबाई करायच्या. खडे संपले तशा माझ्या बहिणी कचऱ्यात गेल्या. मला मात्र त्यांनी धुऊन-पुसून घरी नेलं. पुढे त्यांना साखर निघाली आणि मी एकदम देवाशेजारच्या फळीवर जाऊन बसले.

तेव्हा काळुराम होते, त्यांचे मालक. मिठागरावरून आले की दोघं एकत्र जेवायची. हात धुतले की काळुराम मला खाली काढायचे आणि "घे गो" म्हणून गोळी त्यांच्या हातावर ठेवायचे. दवाखान्यात साखर मोजली की डॉक्टर खूश व्हायचे. गोळ्या गुणाच्या, असं मलाही वाटायचं आणि मी उगाच भाव खायचे.

काळुराम गेले. मुलगा हरेश रोह्याच्या कंपनीत कामाला, बिऱ्हाड तिथेच जवळ, अष्टमी गावात. दुपारचं जेवण हौसाबाईंनी चालू ठेवलं, पण रात्री गॅस पेटवावासा वाटेना. एकटीसाठी काय रांधायचं? चहात दोन टोस्ट बुडवले की त्यांचं भागायचं. आणि गोळी तर जेवल्यावर घ्यायची. चहा-टोस्टला आमच्याकडे जेवण कोण म्हणतं? पोटात भात गेला तर माणूस जेवला. उपाशीपोटी औषध उष्ण पडतं, हेही त्यांच्या मनात पक्कं. रात्रीची गोळी माझ्यातच राहू लागली.

डॉक्टर विचारायचे, "मावशी, गोळ्या बरोबर घेता ना?"

"व्हय तर. जेवल्याबिगर एक गोळी घेतली नाय."

खोटं कुणीच बोलत नव्हतं. साखर मात्र चढत होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या लागू पडत नाहीत. एक वाढवतो. ही रात्री जेवणाआधी घ्यायची आणि घेतली की लगेच जेवायचं. आता उतरली नाही तर इन्सुलिन."

नवी गोळीही माझ्यात येऊन पडून राहिली. अहो, लागू पडायला ती आधी पोटात जायला नको का? मी आतल्या आत किती खडखडले, पण डबीचं कोण ऐकतं.

मग एकदा हरेशचा फोन आला. "आये, शनिवारी शिफ्ट सुटली की येतो. जेवायलाच."

हौसाबाईंच्या अंगात वारं शिरलं. वाल भिजले, मोड आले, सोलून झाले. शनिवारी संध्याकाळी बिरडं, भात, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं तयार. रोह्याहून येणाऱ्या गाडीचा आवाज आला तशी त्यांनी मला खाली काढलं. "आज जेवायचं हाय, तं गोळी घेते," असं मलाच सांगितलं आणि जेवणाआधीची गोळी घेतली.

गाडी गेली. हरेशऐवजी फोन आला. "आये, पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाय, थांबावं लागलं. मागून येणाऱ्या गाडीने येतो. तू जेवून घे."

"मी थांबते रे," म्हणून त्यांनी भातावर झाकण ठेवलं.

थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम सुटला. हात कापायला लागले. मला फळीवर ठेवायला उचललं, तर मी हातातून सुटून खाटेखाली गेले. शेजारच्या दिपिकाला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. औषध त्या दिवशी अगदी चोख लागू पडलं होतं, साखर नको तितकी उतरली होती आणि माझी बाई त्यानेच बुडत चालली होती. पुढ्यात भात निवत होता. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

नशिबाने दिपिका कढीपत्ता मागायला आली. तिने साखरेचं पाणी केलं आणि चमच्याने पाजलं. बऱ्याच वेळाने हौसाबाईंनी डोळे उघडले. पहिलं विचारलं ते, "हरेश आला का गो?"

आता डॉक्टरांनी ती जेवणाआधीची गोळी बंद केलीय. रात्री काय जेवता, हे त्यांनी नीट खोदून विचारलं, तेव्हा कुठे चहा-टोस्ट बाहेर आला. "थोडं तरी जेवा, मावशी," ते म्हणाले. त्या व्हय म्हणाल्या. कधी वाटीभर भात लावतात, दोन घास खातात आणि उरलेला झाकून ठेवतात. पुष्कळदा तेही नाही.

हरेश वाईट नाही. धसका घेतलाय त्याने. रोज संध्याकाळी न चुकता फोन करतो, "आये, गोळी घेतलीस?" मला हातात धरून त्या म्हणतात, "घेतली रे." मग फोन ठेवून पुष्कळदा मला न उघडताच परत फळीवर ठेवतात.

हरेश, गोळीचं मागाहून विचार रे. आधी विचार, आये, जेवलीस का? आणि ती व्हय म्हणाली, तरी एकदा येऊन बघ.