काशीची लोटी

अंघोळ झाल्याशिवाय आणि घरच्या दिव्याचं दर्शन घेतल्याशिवाय प्रयागबाई पाण्याचा घोट घेत नसे. चातुर्मास लागला की नव्या जालन्यातल्या तिच्या देवघरात अखंड दिवा बसायचा, तो कार्तिकीलाच शांत व्हायचा. त्या चार महिन्यांत ती माहेरीसुद्धा मुक्कामाला जात नसे. यंदा मात्र ती थेट जर्मनीत येऊन बसली होती.

तेही हौसेनं नाही. तिचा नवरा रामकिसन याचं बियाण्याचं दुकान होतं. एका कंपनीचा माल यंदा ठरल्यापेक्षा जास्त खपला, म्हणून कंपनीनं मराठवाड्यातल्या अशा दुकानदारांना जोडीनं जर्मनी दाखवायला काढलं होतं. "चातुर्मासात मी उंबरा वलांडत न्हाई," प्रयागबाई म्हणाली, तेव्हा सासूनंच बाजेवरून हात हलवला होता.

"जाय माय," चांगुणाबाई म्हणाली. "त्यानं जल्मभर गोण्याच उचलल्या. जरा फिरू दे त्याला. तुझा दिवा काय पळून चालला? सून हाय ना घरात." मग आवाज खाली घेऊन, "एक मात्र ध्यानात ठेव. माझ्या तोंडात गंगा तूच घालायची. शालूचे हात लटलट कापतात, समदी उशीवर सांडल."

"असं अभद्र काहून बोलता आत्याबाई? घालीन की मीच. शंभरी भरू द्या."

शालू म्हणजे धाकटी जाऊ, दीर राधेश्यामची बायको. आणि गंगा म्हणजे देवघरात मूर्तींच्या मागं ठेवलेली तांब्याची लिंबाएवढी लोटी. चांगुणाबाईनं ती स्वतः काशीहून आणली होती, तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेली. ती कशासाठी आहे हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक होतं.

पण निघायच्या सकाळी प्रयागबाईच्या मनात आलं, तिकडचं पाणी कुठलं, कसलं, कुणाला माहीत. अंघोळीच्या पाण्यात रोज दोन थेंब पडले तर नेम तरी शुद्ध राहील. सासू तर अंगणात खुर्ची टाकून ऊन खात होती, कोथिंबीर निवडत होती. तिला काय होतंय इतक्यात? प्रयागबाईनं विळीच्या टोकानं डाग फोडला, तोंडाला मेण लावलं आणि लोटी पातळाच्या घडीत घालून बॅगेत ठेवली. कुणाला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे सांगावंसं वाटलं नाही.

असे दिवस गेले, गावं गेली, आणि सहलीचा शेवटचा टप्पा आला. कोलोनचं ते आभाळाला टेकलेलं चर्च पाहायचं, दुसऱ्या दिवशी ऱ्हाईन नदीत बोटीतून फिरायचं, मग फ्रँकफर्टहून घरचं विमान.

कोलोनच्या हॉटेलात सकाळी तिनं अंघोळ आटपली. शेवटच्या तांब्यात लोटीतले दोन थेंब टाकून तो डोक्यावर घेतला, टेबलावर रुमाल अंथरून बाळकृष्ण मांडला, घंटी वाजवली आणि सुनेला फोन लावला. रोजच्यासारखा पडद्यावर दिवा आला. ज्योत स्थिर होती. दिव्यात तेल घालणारा हात मात्र वेगळा होता, काळपट, मनगटावर हिरवं गोंदण.

"आकांक्षा, हा हात कुणाचा गं?"

"झुंबरमावशीचा, आत्या." झुंबरबाई म्हणजे शेजारीण. "मला अडचण आलीय."

"मंग शालू कुठंय?"

"काकूंची कंबर धरलीय."

"बरं, आत्याबाईला दे."

"झोपल्यात त्या."

"या वक्ताला?"

"खोकला होता रात्री," असं म्हणेपर्यंत फोन कटला. जर्मनीत फोन कटायचाच. प्रयागबाईनं दिव्याला हात जोडले, तीर्थाची पळी रामकिसनपुढं केली.

"ठेव. नंतर घेतो," तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. गंधाचं बोट पुढं केलं तर कपाळ मागं घेतलं. "सर्दी झाली."

गंधाला सर्दी कुठून आडवी आली, हे तिला कळलं नाही. पण परक्या ठिकाणी नवऱ्याशी वाद नको म्हणून तिनं पळी परत ठेवली.

चर्चमध्ये शिरल्यावर सगळे माना वर करून बघत राहिले. एका बाजूला मेणबत्त्यांची रांग होती. लोक येत, एक लावत आणि गुमान उभे राहत. रामकिसन कुणाला न सांगता तिथं गेला. त्यानंही एक लावली. जोडे घातलेले, डोक्यावर टोपी, हात मात्र जोडलेले. पेटीत नाणं टाकलं आणि तिथंच उभा राहिला, इतका वेळ, की गाईडनं झेंडी हलवून सगळ्यांना बाहेर काढलं तरी तो आतच.

"आपल्या देवाचं तीर्थ घ्यायला सर्दी, आन् इथं मेणबत्ती?" ती हसून म्हणाली.

तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. दिवा, गोंदणाचा हात, झोपलेली सासू. या खेपेला फोन जरा हलला आणि आकांक्षाचा चेहरा दिसला. कपाळ मोकळं होतं. केस कोरडे, बिनतेलाचे. रामकिसननं तीर्थ घेतलं नाही ते नाहीच.

बसमध्ये चढताना बदनापूरचे अजमतशेठ, तेही बियाणंवाले, रामकिसनच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "काय शेठ, दाढी वाढवून राह्यले? मला जोडीदार भेटला म्हणायचा! कमरबी, बघ, तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी दिसते का न्हाई?"

"दोघांचीबी सफेद," त्यांची बायको कमरबी म्हणाली. सगळी बस हसली.

प्रयागबाई हसता हसता थांबली. रामकिसन म्हणजे पाऊस असो, ताप असो, रोज सकाळी दाढी करणारा माणूस. तिनं त्याच्या गालाकडं पाहिलं. खुंट वाढले होते. मग तिच्या मनात गोंदणाचा हात आला, मोकळं कपाळ आलं, मागं घेतलेलं गंध आलं. एकेक गोष्ट सुटी सुटी काहीच नव्हती. पण दिव्याला भावकीबाहेरचा हात कधी लागतो, पुरुष दाढी कधी करत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बोट नदीच्या मधोमध आली तेव्हा दोन्ही बाजूंनी डोंगर, त्यावर द्राक्षाचे मळे आणि जागोजाग पडके किल्ले दिसत होते. सगळे फोटोसाठी कठड्याला लागले. ती दोघंच मागच्या बाकावर राहिली. तिच्या मांडीवर बॅग होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपल्या घरात सुतक हाय ना?"

रामकिसन पाण्याकडं बघत राहिला. "हाव."

"कोण?" तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"माय."

बोटीवरचा कर्णा कुठल्याशा किल्ल्याची माहिती सांगत होता.

"कवा?"

"काल सकाळी, कोलोनला उठलो तवा. चहा पिता पिता कळ आली छातीत. मंग राधेश्यामनं विचारलं, भाऊ, तुझ्यासाठी थांबू का? मी म्हणलो, मायला ताटकळत कशाला ठेवतो, अग्नी दे." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "थोरला मी होतो."

"आन् मला चर्च दाखवत फिरवलं तुम्ही."

"सांगून काय झालं असतं? विमान सगळ्यांचं एकत्र. तू अन्नपाणी सोडलं असतं. म्हणून घरी समद्यांना म्हणलो, तिला सांगू नका."

प्रयागबाईचा आवाज आयुष्यात कधी चढला नव्हता, आताही चढला नाही. "सोताचं सुतक बराबर पाळलं. गंध न्हाई, तीर्थ न्हाई, दाढी न्हाई. आन् माझं सुतक माझ्यापासूनच लपवलं? मला देवाला हात लावू दिला? पूजा करू दिली सुतकात?"

"तू घंटी वाजवायची ना," तो म्हणाला, "तेवढा वेळ वाटायचं, घरी काही झालंच न्हाई."

ती क्षणभर निवली. पदर डोळ्याला लावला. मग तोच पदर हातात धरून तिनं विचारलं, "पाणी कुणी पाजलं?"

रामकिसन उठला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला. ती मागोमाग गेली.

"आत्याबाईच्या तोंडात गंगा..." ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघता निघता तिचे हात बॅगेवर आवळले गेले. लोटी आतच होती. आज सकाळीसुद्धा तिनं त्यातले दोन थेंब डोक्यावर घेतले होते.

"राधेश्यामचा फोन आल्ता," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "मायचा जीव अडकला होता तवा. म्हणला, भाऊ, लोटी सापडून न्हाई राह्यली, देवघर समदं उचकलं, वहिनीला विचार जल्दी. तू बाथरूममधी होती. तुझा अंघोळीचा श्लोक ऐकू येत होता. मी दारापशी आलो. हात वर केला वाजवायला."

"मंग?"

"न्हाई वाजवलं."

"काहून?"

"लोटी तुझ्या बॅगेत रोज दिसायची मला. लोटी हितं, माय तिथं. वाजवून काय झालं असतं? तू जल्मभर ती थाप ऐकत बसली असती. मी राधेश्यामला म्हणलो, साधं पाणी पाज. आन् फोन ठेवला. तू बाहेर यायच्या आत माय गेली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ठरवलं होतं, हे तुला कवाच कळू द्यायचं न्हाई. सुतकाचं सांगितलं असतं तर तू पयलं हेच विचारलं असतं. विचारलंच ना?"

कमरबी फोन घेऊन आली. "भाभी, इधर देखो, तुमचा जोडीनं फोटो काढते." दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. फोटो चांगला आला म्हणे.

हॉटेलात परतल्यावर प्रयागबाईनं बाळकृष्णाला हात लावला नाही. रामकिसनही सुतकातलाच. म्हणून तिनं कमरबीला बोलावलं आणि रुमालाची चारी टोकं तिच्याकडून गाठ मारून घेतली. कमरबीनं गाठ मारताना डोक्यावर ओढणी घेतली. मग प्रयागबाई अंगावरच्या साडीनिशी फवाऱ्याखाली उभी राहिली. सुतकाची खबर कानावर पडली की नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. पाणी गरम होतं, भरपूर होतं. त्यात तिनं काही टाकलं नाही. दाराबाहेर रामकिसन उभा आहे हे तिला कळत होतं. त्यानं दार वाजवलं नाही, तिनं उघडायची घाई केली नाही.

पुढं विमान, मुंबई, जालन्याची गाडी. वाटेत दोघं गरजेपुरतं बोलली. सुतकात दिवा पाहायचा नव्हता, म्हणून पाणीही नाही. तेवढा नेम तिनं न ठरवताच धरला होता. रामकिसननं दोनदा बाटली पुढं केली आणि दोनदा परत घेतली.

घराच्या दारात रिक्षा थांबली तशी आतून रडण्याचा आवाज उठला. भावकीतल्या बायका बसल्या होत्या. चांगुणाबाईची बाज भिंतीला उभी करून ठेवली होती, आणि तिच्या जागी फरशीवर पीठ पसरून दिवा लावला होता, दक्षिणेकडं वात केलेला. हा दिवा फोनवर कुणी दाखवला नव्हता.

शालू गळ्यात पडली. रडणं ओसरल्यावर तिनं नाक पुसलं आणि सगळ्यांसमोर, काही मनात न ठेवता विचारलं, "अक्का, लोटी कुठं ठेवली होती हो तुम्ही? आम्ही डाळी-तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाह्यलं."

"मी नेल्ती," दारातूनच रामकिसन म्हणाला. "बॅगेत माझ्या. मलाच सुचलं तसं."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. राधेश्याम कोपऱ्यात मुंडण केलेल्या डोक्यानं बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. प्रयागबाईला वाटलं, आपण गप्प बसलो तर हे इथंच संपेल. या माणसानं तेवढ्यासाठी आईचं मरण पोटात ठेवलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी नेली. माझ्या अंघोळीसाठी." तिनं बॅगेतून लोटी काढली आणि पिठाच्या कडेला ठेवली. तळाशी थोडं पाणी हललं.

शालू लोटीकडं बघत राहिली.

"हंड्यातलं पाजलं मी," ती शेवटी म्हणाली. "चमच्यानं. माझे हात असे, निम्मं उशीवर सांडलं. त्यांनी डोळे उघडलेच न्हाईत. घोट गिळला आन् म्हणल्या, प्रयाग, आलीस का?" शालूनं प्रयागबाईचा हात धरला. "मी हो म्हणले, अक्का."

आत देवघरात झुंबरबाई तेल घालायला आली होती. "बाई, लांबूनच पाहून घे तुझा दिवा," तिनं हाक दिली. "ज्योत मोडू दिली न्हाई मी."

प्रयागबाईनं तिकडं मान वळवली नाही.

"शालू, पाणी दे मला. त्याच हंड्यातलं."

"अक्का, पण तुमचा दिवा..."

"दे."

शालूनं पेला भरून आणला. तिचे हात लटलट कापत होते, पाणी काठावरून प्रयागबाईच्या मांडीवर सांडत होतं. प्रयागबाईनं हात पुढं करून पेला सावरला नाही. सांडायचं तेवढं सांडू दिलं, आणि उरलं ते शालूच्या हातूनच प्यायली.