खिडकी नसलेल्या खोलीतले सुकाणू

मुलांनो, डोळे मिटा आणि एक लढाऊ जहाज समोर आणा. राखाडी, अवाढव्य, पाण्यात डोंगरासारखे उभे. आणलेत? आता त्याच्या तोफेला गुलाबी फुगे बांधा. डेकवर आइस्क्रीमची गाडी लावा. शिडीपाशी पाटी टांगा: 'शूरांच्या पावलांवर पाऊल ठेवा. चपला बाहेर काढा.' भर दुपारी तापलेल्या लोखंडावर त्या पावलांचे काय होते, ते पाटी लिहिणाऱ्याने एकदा अनवाणी चालून पाहायला हवे होते.

हसू नका. आपल्या गोष्टीतली नऊ वर्षांची मुलगी याच जहाजावर टुणटुण उड्या मारत चालली होती. मागे तिची आत्या, मोबाइल उंच धरून. आणि पुढे आजोबा, इस्त्रीचा शर्ट घालून. या जहाजाच्या इंजिन रूममध्ये त्यांनी बावीस वर्षे काढली होती. जहाज निवृत्त झाले, धक्क्याला बांधले गेले, त्याचे संग्रहालय झाले. आजोबांना नातीला तिथली एकच वस्तू दाखवायची होती. एक चाक.

एकदा खाली वाफेचा नळ फुटला होता. वाफेत स्वतःचा हात दिसेना. तेव्हा आजोबांनी ते तापलेले चाक उघड्या हातांनी फिरवून वाफ बंद केली. साडेअकरा फेरे. उजव्या तळव्यावरचा गुळगुळीत चट्टा तेव्हाचा. ही गोष्ट निघाली की घरात आत्या म्हणायची, "झालं! फिरलं चाक!" आज ते चाक दिसले की सगळ्यांची तोंडे बंद होणार, असे नातीने मनाशी पक्के केले होते.

माहिती सांगायला एक गाईड होता. डोक्यावर कप्तानाची टोपी, गालाला चिकटलेला माइक, आवाज साबण विकणाऱ्याचा. "ही तोफ! हिचा गोळा थेट क्षितिजापलीकडे!"

"सलामीची तोफ आहे ती," आजोबा नातीच्या कानात म्हणाले. "धुराशिवाय काही निघालं नाही कधी तिच्यातून. उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

इंजिन रूमकडे उतरताना आजोबा शिडीकडे तोंड करून, दोन्ही कठडे धरून झरझर खाली गेले. नातीलाही तसेच उतरवले. गाईडसाहेब मात्र बँकेचा जिना उतरावा तसे नाक पुढे काढून आले आणि वरच्या नळावर कपाळ आपटून घेतले.

"त्या नळाला आम्ही मास्तर म्हणायचो," आजोबा म्हणाले. "नव्या पोराला पहिल्याच दिवशी धडा द्यायचा."

खाली सगळे गोळ्या-चॉकलेटच्या दुकानासारखे रंगवलेले. बॉयलरपाशी एक पुतळा, कडक पांढऱ्या गणवेशात. "हा कोण, नवरदेव?" आजोबा म्हणाले. "इथे तासाभरात कावळा झाला असता त्याचा. आणि हे बघ, चाकाच्या दांडीचे आटेसुद्धा रंगवलेत! तिथे ग्रीस लावतात, रंग नाही. आता सात जन्म फिरायचं नाही ते."

आणि ते एकदम थांबले. तेच ते चाक होते. पुढे फोटोसाठी रांग, वर पुठ्ठ्याची पाटी: 'सुकाणू. येथे उभे राहून कप्तान जहाज वळवीत असत.'

"अहो, हे सुकाणू नाही. वाफ बंद करायचं चाक आहे."

"आजोबा, पाटी तज्ज्ञांनी लिहिलीय."

"तज्ज्ञ खाली उतरले होते का कधी?"

"तुम्ही उतरला होतात वाटतं?" गाईड म्हणाला, आणि रांग फिदीफिदी हसली.

"बाबा, पुरे," आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "लिहिलंय ना तिथे? इतकी वर्षं झाली, तुमचीच गल्लत होत असेल."

आजोबांनी तळवा उघडला, पाहिला, आणि हात खिशात घातला.

"असेल," ते म्हणाले. "चला वर."

जन्मापासून नातीने आजोबांच्या तोंडून 'असेल' ऐकले नव्हते. तिने चारही भिंती नीट पाहिल्या. मग विचारले, "काका, इथून समुद्र कुठून दिसतो?"

"इथून नाही दिसत, बाळ! आपण पाण्याच्या पातळीखाली आहोत!" गाईडचे त्या दिवसातले हे पहिले खरे वाक्य.

"मग कप्तानाला कसं कळायचं, कुठे वळायचं ते? एकपण खिडकी नाहीये."

रांगेत कुणीतरी खुदकन हसले. या वेळी आजोबांना नव्हे. गाईडने माइक गालावर नीट चिकटवला. "ते... पुढच्या दालनात सांगतो."

आत्याने मोबाइल खाली केला. तिने आजोबांच्या खिशातल्या हाताकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "बाबा, किती फेरे म्हणालात?"

"साडेअकरा," आजोबा म्हणाले.

आता नातीच्या वर्गात एक नियम होता: जो चुकेल, त्याने बरोबर उत्तर पाच वेळा लिहायचे. तिने पिशवीतून पेन काढले, टाचा उंचावल्या, पाटीवरच्या ओळींवर काट मारली आणि खाली लिहिले: 'वाफ बंद करायचे चाक. साडेअकरा फेरे.'

मग तिने पेन गाईडपुढे धरले.

"हे एकदा झालं. उरलेल्या चार वेळा तुम्ही लिहा."