पहिला फर्मा

आमच्या घरी बुद्धिबळ चुकीचं खेळलं जायचं. हे मी आता मोकळेपणानं सांगते, पण पंधरा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की चुकतं ते बाकीचं जग.

बाबा बुकबाइंडर. खाली दुकान, वर आम्ही. छापखान्यातून पुस्तक येतं ते सुट्या घड्यांमध्ये. सोळा पानांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात. फर्मे क्रमानं लावायचे, शिवायचे, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवायचं. बाबांनी आयुष्यभर लोकांची पुस्तकं धड करून दिली. स्वतःचं म्हणून एकच पुस्तक होतं, तेवढं मात्र अर्धवट. बुद्धिबळाचं. रद्दीत मिळालेलं, पहिला फर्माच गळालेला. ते सुरू व्हायचं पान सतरापासून, आणि पान सतराच्या डोक्यावर होतं कुठल्याशा वाक्याचं शेपूट : ‘हत्ती आधी मोकळे करावेत.’

बाबांनी ते ब्रह्मवाक्य मानलं. शहाणी माणसं डाव सुरू करताना मधली प्यादी पुढे करतात, घोडे बाहेर काढतात, राजाला कोपऱ्यात नीट बसवतात. आम्ही हत्तीपुढचं, कडेचं प्यादं दोन घरं सरकवायचो. दुसऱ्या खेळीला हत्ती दोन घरं वर. तिसऱ्या खेळीला तोच हत्ती आडवा, थेट पटाच्या दुसऱ्या कडेला. समोरचाही तेच करायचा. मग दोन हत्ती एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहायचे, मध्ये फक्त दोन रिकामी घरं. आता खरी गंमत. मारायचं नाही! हा बाबांचा नियम. ज्याचा धीर आधी सुटला तो हावरट, मग पुढे तो जिंकला तरी बाबांच्या लेखी हरलेलाच.

दादाचा धीर दोन खेळ्यांपलीकडे कधी टिकला नाही. हात शिवशिवायचे, ओठ चावायचा, आणि खटकन हत्ती मारून मोकळा. मग बाबा ‘हावरट! हावरट!’ म्हणून दुकान डोक्यावर घ्यायचे, आणि दादा हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी राहायचा. मी कडेला बसून शिवणीच्या दोऱ्याला मेण लावत ते बघायचे. दादा जेवायला उठला तर त्याच्या जागी मला दोन-चार खेळ्या मिळायच्या, तेवढंच माझं बुद्धिबळ. आई गेल्यानंतरच्या त्या घरात ती संध्याकाळची तासाभराची आरडाओरड म्हणजेच आमचं घर होतं.

दादा एकोणीस वर्षांचा झाला आणि मोठ्या स्पर्धांना जायला लागला. पहिल्याच स्पर्धेत तो आमच्या पद्धतीनं खेळला आणि तोंडावर आपटला. समोरच्यानं मधलं प्यादं सरकवलं, वाट मोकळी झालेल्या उंटानं आमचा हत्ती दुसऱ्याच खेळीनंतर उचलला. लोक हसले. दादा वाचनालयात गेला, त्याच पुस्तकाची धड प्रत शोधली, पहिल्या सोळा पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि दुकानात बाबांच्या पुढ्यात आदळल्या.

“वाचा. अख्खं वाक्य वाचा एकदा. आयुष्यभर अर्ध्या वाक्यावर खेळलात तुम्ही, आणि मलाही खेळवलंत.”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ती पानं न बघता उचलली आणि कातरणाच्या पोत्यात टाकली. म्हणाले, “माझ्या टेबलावर झेरॉक्सचा कचरा नको.” दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बॅग घेऊन निघाला. मी जिन्यात आडवी उभी राहिले तर मला उचलून बाजूला ठेवलं त्यानं, लहानपणी ठेवायचा तसं.

त्यानंतर दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी बाबांना हाका मारल्या, दोन्ही वेळा खालून उत्तर आलं, “हातात काम आहे.” तिसऱ्यांदा फोन आला नाही. पुढे तो नंबरही बंद झाला. याला नऊ वर्षं झाली. बाबांनी पट आणि ते पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं, आणि आम्ही दोघं मूग गिळून पुस्तकं शिवत राहिलो.

मला दादा हवा होता. दुसरं काही नको होतं. त्याचा राग, त्याचं हसणं, ताटातलं उचलून खाण्याची त्याची घाण सवय, सगळं हवं होतं. पण शोधायचं कुठे? तेव्हा मला ती वेबसाइट आठवली. आपल्या भाषेतली, छोटीशी, जेमतेम दोनशे माणसांची. तिथे एका खेळीला एक दिवस मिळतो, त्यामुळे नोकरदार आणि निवृत्त लोकच जास्त. स्पर्धेत हरल्यावर दादा तिथे खेळायला लागला होता. त्याचं जुनं नाव आता यादीत नव्हतं, पण नवं नाव घेऊन तो परत आला असेल तर? मी त्याच्या नावानं विचारत बसले असते तर तो पळाला असता, मला त्याचा स्वभाव माहीत. म्हणून मी नुसती खेळायला लागले. आमच्या पद्धतीनं. कडेचं प्यादं, मग हत्ती वर. जगात या सुरुवातीला आमचं उत्तर देणारी माणसं मोजून तीन, त्यातली एक मी.

चार वर्षं मी हरले. उंट येऊन हत्ती घेऊन जायचा, मी नवीन डाव मांडायचे. एकानं लिहिलं, ‘हत्तीला फिरायला काढलंय का?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘आधी शिकून या.’ यादीत माझ्या खाली एकच नाव होतं आणि त्या माणसानं खेळणंच सोडलं होतं. अलीकडे माझ्याखाली आणखी एक नाव आलं, ‘पाहुणा ४१७’. आपल्यापेक्षाही ढ कुणीतरी आहे, याचा मला इतका आनंद झाला की तो कसा हरतो ते बघायचंही मला सुचलं नाही.

एका सोमवारी त्याच पाहुण्यानं माझा डाव स्वीकारला. मी कडेचं प्यादं दोन घरं सरकवलं. त्यानं समोरचं प्यादं दोन घरं. मी हत्ती वर. त्यानं हत्ती वर. बुधवारी मी हत्ती आडवा नेला आणि संध्याकाळपर्यंत सात वेळा फोन उघडून पाहिला. त्याचा हत्ती माझ्या हत्तीसमोर येऊन उभा राहिला होता.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

काही लिहिलं नाही. लिहिलं तर तो उठून जाईल ही भीती. मी फक्त हत्ती मारला नाही, एक साधं प्यादं पुढे केलं. म्हणजे त्याला कळेल, घर अजून आहे तिथेच आहे. त्यानंही मारला नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. दादा एवढा थांबतो? पण नऊ वर्षांत माणूस बदलतो, अशी मी माझी समजूत घातली. त्या आठवड्यात मी एक फर्मा उलटा शिवला. बाबा एरवी बोलले असते, पण तेही खुशीत होते. दाढी रोज करत होते. सरस ढवळताना काहीतरी गुणगुणत होते. सांगून टाकावं असं चारदा ओठांवर आलं, आणि चारदा मी गप्प बसले. हातात काही ठोस यायच्या आत म्हाताऱ्याला आशेला कशाला लावायचं?

दुसऱ्या मंगळवारी दुपारी मी वर भांडी विसळत होते. फोन वाजला. खेळी नव्हती, निरोप होता.

‘पहिला फर्मा शिवला आहे. कधीचाच.’

मी तो तीनदा वाचला. दादानं शिवला? दादाकडे कुठे आहे पुस्तक? पुस्तक तर खाली कपाटात. मग माझ्या हातातली बशी आपोआप ओट्यावर ठेवली गेली, आणि मी जिना उतरले.

बाबा टेबलाशी बसले होते. सरसाच्या डब्याला फोन टेकवलेला, चष्मा कपाळावर. कपाट उघडं होतं. पट टेबलावर मांडलेला, आणि त्यावर माझाच डाव, एक प्यादंही इकडचं तिकडे नाही. शेजारी ते पुस्तक.

मी पुस्तक उघडलं. पहिली सोळा पानं झेरॉक्सची, बाकीच्यांपेक्षा पांढरी, एका कोपऱ्यावर पोत्यात पडल्याची घडी. शिवण अशी की बोट फिरवलं तरी कळू नये. सोळाव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘डाव संपत आला आणि पटावर मोजकीच प्यादी उरली की’. समोर पान सतरा. ‘हत्ती आधी मोकळे करावेत.’

मी माझा फोन त्यांच्या फोनशेजारी ठेवला.

“बाबा, तो मी आहे. दादा नाही. मी आहे.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

“कधीपासून?”

“पाचव्या दिवसापासून. त्यानं एवढा वेळ हत्ती सोडला असता होय? तू मात्र लहानपणीही मारायची नाहीस. बसून राहायचीस नुसती.”

माझा राग नाकावरच असतो. तो सगळा बाहेर आला. “नऊ वर्षं! नऊ वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलात, आणि हे शिवून ठेवलं होतंत? कधी शिवलंत?”

“त्याच संध्याकाळी. तुम्ही वर गेल्यावर पोत्यातून काढली पानं.”

“मग त्याला दाखवलंत का नाही?”

बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला. “सरस ओला होता गं. एक दिवस दाबाखाली ठेवावं लागतं. म्हटलं, उद्या वाळलं की दाखवू.”

फोनवर का नाही सांगितलंत, हे विचारलं नाही तरी त्यांनी स्वतःच सांगितलं. “आणि फोनवर काय, नुसतं बोलूनच दाखवायचं? तेवढं मला जमतं कुठे?” वेबसाइट त्यांना दुकानात येणाऱ्या मास्तरांनी लावून दिली होती. तीन महिने तेही हरत होते. मी वर बसून, ते खाली बसून, एकाच मुलासाठी एकच हत्ती पुढे करत होतो.

“मी असल्याचं माहीत होतं, तर निरोप कुणाला पाठवलात?”

“तुलाच, सुई.” हे माझं लहानपणचं नाव. कितीतरी वर्षांनी ऐकलं. “तुलाही सांगायचं राहिलंच होतं. तो गेला, तर मी त्याच्याच वाटेकडे बघत बसलो. तू इथेच होतीस.”

मी दादाच्या स्टुलावर बसले. रडत होते आणि रागावलेलीही होते, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बाबा माझ्याकडे बघत होते, सरस लावायच्या पुस्तकाकडे नाही.

आता आम्ही रोज खेळतो, पण तिथेच, वेबसाइटवर. मी वर असले तरी, शेजारी बसले तरी. बाबांचं म्हणणं, दोघांनी मिळून हाका मारल्या तर जास्त लांब जातील. आमच्या डावाखाली ‘बघणारे’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यापुढे आकडा. तिथे कायम शून्य असतं. आमचे डाव कोण बघणार?

परवा तिथे एक दिसला. समोरासमोर हत्ती होते, खेळी माझी होती. एक तासभर राहिला, मग गेला, मग परत आला.

“मास्तर असतील,” बाबा म्हणाले. आणि चष्मा पुसून परत तो आकडा बघितला.

असतीलही. मी मधलं एक प्यादं एक घर सरकवलं. बाबांनीही प्यादंच सरकवलं. बघणारा अजून होता, आणि आम्ही दोघांनीही हत्ती मारला नाही. ते काम त्याचं आहे.