गनस्लिंगर

ज्याला नोकरीवरून काढायचं, त्याला शैलेंद्र आपल्या केबिनमध्ये बसवून आधी चहा पाजायचा आणि मग बोलायचा. अठ्ठ्याण्णव साली तेलाचे भाव गडगडले, आणि दुबईतल्या त्याच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत हा चहा इतका बदनाम झाला की कुणी त्याच्या दारावरूनही फिरकेना. अमेरिकन साहेब मात्र खूश. भर मीटिंगमध्ये पाठीवर थाप मारून म्हणायचा, "आवर गनस्लिंगर!" शैलेंद्र कसनुसा हसायचा. शब्द रुबाबदार होता, आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्याला तो आवडलाही होता. आता सगळ्याचाच शीण आला होता.

त्या दिवशी साहेबाने पुढचं नाव दिलं, प्रल्हादचं. प्रल्हाद त्याचा जुना दोस्त, अल मनखूलला त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा. घरी बायको शुभ्रा आणि मुलगी काव्या; काव्या दहावीला होती. व्हिसा कॅन्सल झाला की महिन्याभरात सगळ्यांना गाशा गुंडाळावा लागणार.

"सर, मार्चमध्ये त्याच्या मुलीची बोर्ड एक्झाम आहे. तोवर थांबू या," शैलेंद्रने गयावया केली.

"टुमॉरो, गनस्लिंगर," साहेब म्हणाला.

घरी आल्यावर त्याने मुलीला विचारलं, "केया, गनस्लिंगर म्हणजे नक्की कोण गं?" तिने शाळेत काउबॉय पिक्चरवर प्रोजेक्ट केला होता.

"बंदूकवाले, बाबा. बट इट्स अ मूव्ही वर्ड. देअर ओन टाइममध्ये नोबडी सेड दॅट. पीपल जस्ट सेड मॅन-किलर."

ती पुन्हा टीव्हीकडे वळली. बायकोने, छायाने, पान वाढलं होतं. तो ताटावरून तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद केबिनमध्ये आला. टेबलावरचे दोन कप बघून तो खुर्ची ओढून बसला.

"मी खूप अडवून बघितलं रे," शैलेंद्र म्हणाला. "साहेब ऐकेचना."

"तू बघितलं असशीलच." प्रल्हादने चहा संपवला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो नुसताच दमलेला दिसत होता.

"शैलेंद्र, एक काम करशील? घरी शुभ्राला आणि काव्याला तूच सांग. माझ्या तोंडून नाही निघायचं." त्याने रिकामा कप बाजूला सारला. "तुला सवय आहे."

त्याच्या आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता. तो खरंच मदत मागत होता.

"सांगतो," शैलेंद्र म्हणाला.