न वाचता मान्य केलेली यादी

छकू चौतीस वर्षांची झाली, इस्पितळाचं सगळं नेटवर्क एकटी सांभाळू लागली, तरी घरीदारी ती छकूच राहिली. कामावरसुद्धा. कारण खालच्या मजल्यावर रक्तपेढीत तिची सख्खी वहिनी होती आणि ते नाव तिनेच तिथवर पोचवलं होतं.

महिन्यापूर्वी नेटवर्कवर पहारा ठेवणारं नवं यंत्र आलं. काही बंद पडलं की ते फोनवर मेसेज धाडायचं. पहिल्याच दिवशी त्याने दोनशे मेसेज धाडून सगळ्यांना भंडावून सोडलं. एक स्विच, म्हणजे उपकरणांच्या नेटवर्कच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा, बंद पडला की त्याच्यामागची झाडून सगळी उपकरणं बोंबलायची. मोठे डॉक्टर कावले. "आवरा हे, नाहीतर फोन खिडकीतून भिरकावीन!"

मग छकूने नियम घातला. स्विच बंद पडला तर फक्त स्विचचा मेसेज जाईल, मागच्यांनी गप्प बसायचं. कँटीनवाला तर चहाची किटली लावायला दिवसातून दहादा आपल्याकडच्या स्विचचा प्लग उपटायचा, म्हणून त्या स्विचचे मेसेज तिने कायमचेच बंद केले. कुठल्या स्विचमागे काय आहे याची यादी यंत्राने स्वतः शोधून दिली होती. चाळीस नावं. जेवायची वेळ टळत होती. वरची पाच-सहा वाचून तिने सगळीच मान्य करून टाकली. अहो, वाचायला असा कितीसा वेळ लागला असता!

तेविसावं नाव रक्ताच्या फ्रीजचं होतं. भिंत एकच म्हणून त्याची नेटवर्कची वायर कोणीतरी कँटीनच्या स्विचला जोडून ठेवली होती.

"आता दर दोन तासांनी थर्मामीटर बघत बसू नकोस," तिनेच वहिनीला सांगितलं. "काही झालं तर तुझा फोन वाजेल." वहिनीने नोंदवही कपाटात ठेवून दिली. नणंदेवर तिचा डोळे झाकून विश्वास.

परवा कँटीनवाला प्लग काढून तसाच सामान आणायला गेला आणि त्याच दुपारी फ्रीज बंद पडला. फोन वाजलाच नाही. सदतीस पिशव्या नासल्या. एका बाईला ऑपरेशनच्या टेबलावरून परत खोलीत न्यावं लागलं. वहिनीची चौकशी लागली.

छकूने यंत्रातली नोंद उघडली. 'फ्रीजशी संपर्क तुटला. मेसेज रोखला.' कारण म्हणून खाली तिचाच नियम. तो कागद छापून घेऊन ती धावत खाली गेली. वहिनी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती.

"वहिनी, चूक माझी आहे. मी आत जाऊन सांगते."

"ठाऊक आहे मला. मी काय दुधखुळी आहे?" वहिनीने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "मी लिहून दिलंय, तापमान बघायचं माझ्याकडून राहिलं. तुझा भाऊ अंथरुणाला खिळलेला. हे कळलं तर दोघींनाही घरी बसवतील. मग चूल कशी पेटायची, सांग बघू? तुझा पगार जास्त आहे. तू राहा."

छकूने तोंड उघडलं, पण आधी तिला हायसं वाटलं. अगदी मनापासून हायसं वाटलं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की वहिनीकडे मान वर करून बघवेना.

दार उघडलं. चौकशी करणारे साहेब बाहेर आले. "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"नाही," छकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वहिनीला कामावरून काढल्याचं पत्र निघालं. एक प्रत छकूलाही आली. मेसेज जायच्या यादीतून जुन्या बाईंचा नंबर काढून नव्या माणसाचा घालावा, एवढंच काम तिच्याकडे होतं. आज तिने चाळीसच्या चाळीस नावं वाचली, फ्रीज कँटीनमागून सोडवला, दोनदा तपासला. मग नंबरांची यादी उघडली. तिथे तिनेच लाडाने लिहिलं होतं, 'रक्तपेढी, आमची वहिनी'. ती ओळ तिने स्वतःच्या हाताने पुसली.